एक्स-२४, माप १:१२ : चालत्या पाणबुडी-मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४ : माप

मूळ बोट एक्स-२४. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या बंदरात गुपचूप शिरण्यासाठी ब्रिटिशांनी बांधलेल्या एक्स-वर्गातली. त्या युद्धात लढलेल्या एक्स-बोटींपैकी हीच एक अखंड उरली. ती इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टच्या पाणबुडी संग्रहालयात आहे, त्यामुळे फोटो भरपूर मिळतात. लांबी ५१ फूट ३ इंच, रुंदी ५ फूट ९ इंच (बाजूला लावायचे स्फोटकांचे पेटारे, म्हणजे चार्ज, सोडून), पाण्यावर २७ टन, पाण्याखाली ३० टन. ४२ अश्वशक्तीचं गार्डनर डिझेल, ३० अश्वशक्तीची विजेची मोटर, एकच पंखा, आत चार माणसं.

१:१२ घेण्याचं कारण सरळ आहे: एक फूट म्हणजे एक इंच, इंग्रजी आराखडे थेट वाचता येतात. लांबी १३०२ मिमी, रुंदी १४६ मिमी. वजन घनाने उतरतं, म्हणजे १७२८ ने भागायचं. ब्रिटिश टन १०१६ किलोचा. २७ टनांचे १५.९ किलो, ३० टनांचे १७.६ किलो. दोन्हींतला फरक पावणेदोन लिटरच्या आसपास, म्हणून बॅलास्ट टाकी (बुडण्यासाठी पाणी भरायची) १.७६ लिटरची धरली आहे.

१५ जून : प्लग (ज्यावरून साचा काढायचा तो नमुना)

६ मिमी मरीन प्लायच्या १४ फासळ्या, दर १०० मिमीला एक. मधून १२ मिमीचा सळईचा कणा. फासळ्यांवर पॅकिंगच्या खोक्यांतल्या पाइनच्या ५ मिमी पट्ट्या, वर पुट्टी. पॉलिश पेपर १२०, २२०, ४०० आणि पाणी लावून ८००.

फोटोवरून माप घेताना फसगत होते ती नाकाशी. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगीर आणि शेपटी बारीक दिसते. लांबून, झूम लावून काढलेले फोटोच वापरावेत, आणि तेही एका फोटोत दोन ठिकाणी माहीत असलेलं माप जुळलं तरच. दोन फासळ्या (क्र. २ आणि ३) ह्याच कारणाने ४ मिमी जाड निघाल्या, त्या घासून उतरवल्या.

२९ जून : साचा, पहिला प्रयत्न वाया

मेणाचे पाच हात, त्यावर पीव्हीए (साचा सुटा निघावा म्हणून पातळ पापुद्रा), मग जेलकोट (रेझिनचा बाहेरचा थर), मग मॅट (काचेच्या धाग्यांची). पावसाळ्यात हे काम काढू नये, हे माहीत असूनही काढलं. दोन गोष्टी बिघडल्या.

पीव्हीए वाळलंच नाही. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर. दोन तासांनी बोट लावलं तर चिकट. तसाच जेलकोट मारल्यावर खाली डोळ्यांसारखे गोल खळगे पडले. दुसरं, जेलकोटला मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या आल्या. ह्याचं कारण हवा नव्हे, हात. ब्रशने मारलेला थर काही ठिकाणी ०.३ मिमीपेक्षा पातळ होता. पातळ जेलकोट पुरता पिकत नाही आणि वरून रेझिनचा हात आला की त्यातलं स्टायरीन खालच्या थरात शिरून त्याला फुगवतं. उपाय: चौरस मीटरला निदान ५०० ग्रॅम जेलकोट, दोन हातांत, आणि बोटाला चिकट लागावा पण रंग येऊ नये अशा वेळीच मॅट ठेवायची.

साचा मोडीत. प्लग वाचला.

१४ जुलै : साचा आणि कवच

पत्र्याच्या पेटीत ६० वॅटचा दिवा लावून मॅट आदल्या रात्री त्यात ठेवली. काचेची मॅट ओल धरते आणि मग रेझिन पांढुरकं राहतं. खोलीत दोन हॅलोजन हीटर. ह्या वेळी साचा नीट निघाला. कवच वरचा आणि खालचा अशा दोन अर्धुकांत, जोड पाण्याच्या रेषेपाशी.

कवचाचा पृष्ठभाग जेमतेम अर्धा चौरस मीटर. ३०० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर, मॅटच्या अडीच पट रेझिन, जेलकोट धरून दोन्ही अर्धुकं मिळून १.८३ किलो. जाडी सुमारे २.६ मिमी.

रेझिन १०० ग्रॅमला कोबाल्ट १ मिली, नीट ढवळून, मग हार्डनर (एमईकेपी) १.५ मिली. क्रम हाच. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर जागीच भडका उडतो. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर, मापाच्या सिरिंजही वेगळ्या. एकीला लाल टेप.

४ ऑगस्ट : टाकीचा हिशोब चुकला होता

८ जूनची १.७६ लिटरची टाकी रद्द.

खऱ्या बोटीचं शरीर म्हणजेच दाब सोसणारी नळी. पाण्याच्या रेषेवर जेवढा भाग येतो, तो सगळा हवेने भरलेला असतो आणि त्याचा भार टाकीने पेलायचा असतो. मॉडेलमध्ये मात्र कवचाच्या आत पाणी मोकळं खेळणार आहे. कोरडी आहे ती फक्त आतली बंद नळी (बॅटऱ्या, मोटर, पंप, रेडिओ तिच्यात). वर येताना कवचातलं पाणी निथळून जातं, त्याचं ओझं टाकीवर येत नाही. टाकीने उचलायचं ते पाण्याबाहेर आलेल्या फायबरचं आणि फोमचं प्लावक बल गेल्याने वाढलेलं वजन. रेषेच्या वरचं फायबर, डेकवरचं सामान, पेरिस्कोप मिळून सव्वाचारशे मिली निघालं. टाकी ५०० मिलीची पुरे.

ताळा असा. नळी बाहेरून १०० मिमी, लांबी ६०० मिमी: ४.७१ लिटर. कवचाचं फायबर १.३० लिटर. एकूण ६.०१ लिटर, म्हणून गोड्या पाण्यात बुडालेल्या स्थितीत सगळ्याचं वजन ६.०१ किलो भरलं पाहिजे. कवच १.८३, नळी व झाकणं ०.९५, ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या १.५, मोटर, पंप, रेडिओ ०.७; टाकीतलं पाणी ०.५. बेरीज ५.४८. तूट ५३० ग्रॅम. शिसं स्वतःही थोडं पाणी सारतं, म्हणून काट्यावर ५८० ग्रॅम लागेल.

१८ ऑगस्ट : नळी आणि झाकणं

अॅक्रिलिकची नळी, ३ मिमी जाड. दुकानात आतला व्यास ९४ सांगितला. व्हर्नियर लावला तर एका टोकाला ९३.६, दुसऱ्याला ९४.३, आणि दोन्हीकडे किंचित अंडाकृती. एक्स्ट्रूड केलेली नळी अशीच येते. झाकणं एका मापाची कातली असती तर एक टोक घट्ट आणि दुसरं गळकं झालं असतं. दोन्ही झाकणं आपापल्या टोकाला बसवून कातली, अदलाबदल होऊ नये म्हणून आतून ‘पु’ आणि ‘मा’ कोरलं.

झाकणाला दोन-दोन ओ-रिंग, ३ मिमी जाडीच्या, नायट्राइल. खाचेची खोली २.४ मिमी, रुंदी ४ मिमी: रिंग पाचवा हिस्सा दाबली जाते आणि तिला पसरायला जागा उरते. सिलिकॉन ग्रीस बोटाला चकाकी येईल इतकंच. लोंबतं ग्रीस धूळ धरतं आणि केसाएवढी धूळही गळती करते.

१ सप्टेंबर

मागच्या टोकावर मार्करची खूण थिनरने पुसली. दहा मिनिटांत कडेला जाळीदार तडे. करवतीने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो, थिनरने तो उघडा पडतो. नवी नळी आणली, झाकण पुन्हा कातलं. अॅक्रिलिकला फक्त साबणाचं पाणी.

२२ सप्टेंबर : बॅलास्ट

टाकी म्हणजे सलाईनची रिकामी ५०० मिलीची मऊ पिशवी. तिला १२ व्होल्टचा पेरिस्टाल्टिक पंप, मिनिटाला सुमारे ४०० मिली. हा पंप बंद पडला की नळी चिमटीत धरून ठेवतो, वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. पिशवी पुठ्ठ्याच्या नव्हे, पीव्हीसीच्या अर्ध्या पन्हळीत बसवली. सैल ठेवली तर पाणी पुढे-मागे धावतं.

पिशवी बरोबर गुरुत्वमध्याखाली हवी. पहिल्यांदा ती ४० मिमी पुढे होती, कारण बॅटऱ्या मागे नीट बसत होत्या. परिणाम: पाणी भरताना नाक आधी खाली. बॅटऱ्या सरकवल्या.

नळी बंद असल्याने आत पाणी आलं की हवा दाबली जाते. मोकळी हवा २.८ लिटर, त्यातले अर्धा लिटर पाण्याने घेतले. दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.२२ बारने वाढतो, म्हणजे २.२ मीटर पाण्याइतका. हे फायद्याचं आहे. मॉडेल मीटर-दीड मीटरच्या खाली जाणार नाही, म्हणून बुडालेल्या अवस्थेत आतला दाब नेहमी बाहेरच्यापेक्षा जास्त. कुठे फट असेल तर आधी बुडबुडे दिसतात, पाणी नंतर शिरतं. मागच्या झाकणातून शाफ्टपाशी दर पाच सेकंदांनी एक बुडबुडा येत होता. सीलचा ओठ उलटा बसला होता.

६ ऑक्टोबर : रेडिओ

२.४ गिगाहर्ट्झचा रिमोट पाण्याखाली वीतभर गेलं की गप्प. २७ मेगाहर्ट्झ घेतला, भारतात २६.९५७ ते २७.२८३ हा पट्टा ५ वॅटपर्यंत परवान्याशिवाय मोकळा आहे. अँटेनाची वायर कवचाच्या आत डेकखाली, टोक सील केलेलं. टोक उघडं राहिलं की पाण्याशी जोड होऊन पल्ला अर्ध्यावर येतो. गोड्या पाण्यात दोन मीटर खोलीवर सिग्नल पुरतो, खाऱ्यात ह्यातलं काहीच चालत नाही.

सिग्नल दोन सेकंद तुटला तर मोटर बंद आणि पंप उलटा, पिशवी रिकामी होईपर्यंत. ही सोय बसल्याशिवाय पाण्यात टाकायचं नाही.

२७ ऑक्टोबर : हौदात पहिली ट्रिम (वजनाचा तोल जुळवणं)

लाकडी चौकट आणि निळी ताडपत्री, १.८ × ०.७ मीटर, पाणी ५५ सेंमी.

बोट बुडेना. पिशवी भरली, शिसं हिशोबाचं, तरी डेक पाण्यावर. मग एकदम, काही न करता, नाक खाली घालून तळाला. डेकखाली हवा अडकली होती. निचऱ्याची भोकं ४ मिमीची, पाण्याचा पापुद्रा ती बंद करत होता. नळी थोडी कलली की हवा एका टोकाकडे पळते आणि सगळी एकदम सुटते. भोकं ८ मिमीची करून आतल्या कडा घासल्या, प्रत्येक आडव्या पट्टीला वरच्या कोपऱ्यात खाच दिली.

दुसरी गोष्ट सावकाश कळली. ट्रिम जुळली, चाळीस मिनिटांनी बोट जड. डेकखाली घातलेलं पॅकिंगचं थर्मोकोल ३५ ग्रॅम पाणी प्यायलं होतं. काढून निळसर एक्सपीएस फोम घातला.

ह्या छोट्या बोटींचा जीव ट्रिममध्येच आहे. खऱ्या एक्स-बोटीत मधे एक कप्पा होता, त्यात पाणी भरून पाणबुड्या बाहेर पडायचा आणि शत्रूच्या जाळ्या कापायचा. ते पाणी समुद्रातून न घेता बोटीच्याच टाकीतून घ्यायचं, म्हणजे एकूण वजन हलत नाही. तीस टनांच्या बोटीत टन-अर्धा टन इकडचं तिकडे झालं तर ती एक तर वर उसळते, नाहीतर तळाला जाते. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये वर गोड्या पाण्याचा थर असतो. गोडं पाणी अडीच टक्क्यांनी हलकं. तीस टनांवर पाऊण टनाचा फरक. आपलं मॉडेल समुद्रात नेलं तर उलट, १५० ग्रॅम शिसं वाढवावं लागेल.

१० नोव्हेंबर : डोलणं आणि मागची पाती

गुरुत्वमध्य आणि प्लावनमध्य (पाण्याच्या उचलीचा मध्य) यांत किती अंतर आहे ते पाण्यातच मोजता येतं. शिशाचा ५० ग्रॅमचा ठोकळा (पाण्यात ४५.६ ग्रॅम) मधल्या रेषेवरून ७० मिमी बाजूला सरकवला. बोट ४.३ अंश कलली, म्हणजे अंतर ७ मिमी. कमी आहे. शिशाची पट्टी नळीच्या पोटाशी चिकटवली होती ती कवचाच्या तळात उतरवली. पुन्हा तेच वजन, २.५ अंश, अंतर १२ मिमी. हे ठीक.

ठोकळा सरकवायचा, नवीन ठेवायचा नाही. नवीन ठेवला तर वजन वाढतं आणि मोजणी फसते.

एक्स-बोटीला आडवी पाती फक्त शेपटीला. ह्याचा त्रास मंद वेगात होतो. ‘वर’ असा हुकूम दिला की पाती शेपटी खाली दाबतात. वेग असेल तर नाक उचललं जाऊन बोट चढते; वेग फार कमी असेल तर नाक उचलायला ताकद उरत नाही, शेपटी दाबली जाते ती मात्र जाते, आणि अख्खी बोट खाली उतरते. मॉडेलमध्ये हा उलटा परिणाम सेकंदाला १५-२० सेंमीच्या खाली दिसला. त्या वेगाला पाती सरळ ठेवून पंपानेच खोली सांभाळायची. कल सावरायला एमपीयू-६०५० हा कल मोजणारा सेन्सर आणि अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बसवला. पात्यांची हालचाल ±२० अंश. पहिल्या सेटिंगला बोट डॉल्फिनसारखी वर-खाली, गेन (कलाला उत्तर देण्याचा जोर) निम्म्यावर आणल्यावर शांत.

१ डिसेंबर : बाजूचे चार्ज

एक्स-बोटीचं शस्त्र म्हणजे दोन कुशींना लावलेले दोन पेटारे, प्रत्येकात सुमारे दोन टन स्फोटक अॅमॅटॉल. जहाजाच्या पोटाखाली जायचं, आतून चाक फिरवून पेटारा सोडायचा, घड्याळ लावून निघायचं. पेटाऱ्यात हवेचे कप्पे, म्हणून बोटीला जोडलेला असताना तो पाण्यात बिनवजनाचा. सुटताना तांब्याची पट्टी उपटली जाते, कप्प्यांत पाणी शिरतं आणि पेटारा तळाला बसतो.

मॉडेलमध्ये तेच केलं, स्फोटकाऐवजी एक्सपीएस आणि शिसं. आतल्या चाकाऐवजी सर्व्होवर खेचला जाणारा पितळी खिळा; तांब्याच्या पट्टीऐवजी भोकावर चिकटवलेला रबराचा तुकडा, खिळ्याला दोऱ्याने बांधलेला. डावा व्यवस्थित सुटला. उजवा सुटण्याआधीच गळला. बोट उजवीकडे १५ अंश कलली आणि खाली जायला लागली. पंपाने दोनशे मिलीच्या आसपास पाणी काढल्यावर थांबली. पेटाऱ्यातून १९० ग्रॅम पाणी निघालं. मधल्या रेषेपासून १०० मिमीवर १९० ग्रॅम, ६ किलोची बोट, अंतर १२ मिमी: आकडेमोडही १५ अंशच सांगते.

सप्टेंबर १९४३ मध्ये एक्स-६ चं नेमकं हेच झालं होतं. उजवा चार्ज गळला, बोट कलली, आणि त्याच कललेल्या बोटीने डोनाल्ड कॅमेरॉनने नॉर्वेच्या कोफ्योर्डमध्ये शिरून २२ सप्टेंबरला टिर्पिट्झ ह्या जर्मन युद्धनौकेखाली चार्ज सोडले. गॉडफ्री प्लेसची एक्स-७ ही तिथे पोचली. टिर्पिट्झ काही महिने जागची हलली नाही. एक्स-८ चे चार्ज वाटेतच गळले, सोडून द्यावे लागले. दुसऱ्याच्या स्फोटाने बोटच जायबंदी झाली आणि शेवटी स्वतः बुडवावी लागली. चार्जचं सील ही किरकोळ बाब नाही, हे हौदात १९० ग्रॅमवर कळलं.

रबराखाली आता ओ-रिंग. दोन तास पाण्यात, शून्य ग्रॅम.

२२ डिसेंबर : ओढणी

जागा २५ मीटरचा पोहण्याचा तलाव, सकाळी लोक यायच्या आधी.

एक्स-बोटी इतक्या लांब स्वतःच्या जोरावर जात नव्हत्या. मोठी पाणबुडी त्यांना दोराने ओढत नेई, दोर सुमारे २०० यार्ड. वाटेतली माणसं वेगळी, हल्ल्याची वेगळी. टिर्पिट्झच्या मोहिमेत सहा बोटी निघाल्या. काहींना नायलॉनचे दोर, बाकीच्यांना मनिला (झाडाच्या तंतूंचे). तुटले ते मनिलाचे. एक्स-९ माणसांसकट गेली. भिजलेल्या दोराच्या वजनाने नाक खाली ओढलं गेलं असावं, असं मानतात.

२०० यार्ड १:१२ ला १५.२ मीटर. दहा नॉटचा वेग वर्गमुळाने उतरतो: सेकंदाला दीड मीटर, म्हणजे काठावरून भरभर चालणं. दोन दोर घेतले. ४ मिमी अंबाडीचा, कोरडा १८० ग्रॅम, पुरता भिजल्यावर पाण्यात ५६ ग्रॅम भरतो. ३ मिमी नायलॉन, ९० ग्रॅम, पाण्यात ११.

ओढताना दोन्ही बरे. कडी नाकाच्या टोकाला होती तेव्हा बोट वर-खाली करत होती. २५ मिमी खाली घेतल्यावर थांबली. मग काठाकडचं टोक सोडून दिलं. नायलॉन: नाक पाच-सहा अंश खाली, बोट हळूहळू उतरली, पंप लावताच सावरली. अंबाडी: दोर खाली लोंबायला लागला तसं नाक २८ अंशांवर, आणि बोट त्याच कोनात तळाकडे. पंप चालू करेपर्यंत ती १.२ मीटरवर टेकली होती. हौदाच्या खोलीत हे दिसलंच नसतं, कारण दोराचा बराचसा भाग तळावर पडून राहतो.

खऱ्या बोटीत त्या क्षणी आतल्या माणसांना दोर तुटल्याचं कळणार कसं? टेलिफोनची तार दोरातूनच येत होती.

५ जानेवारी २०२५

रंग: निव्वळ काळा मारला की मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. काळ्यात दहावा हिस्सा राखाडी, वर मॅट क्लिअर. उष्णतेने फुगू नये म्हणून उन्हात ठेवताना नळीचं एक झाकण सैल करायचं.

बाकी राहिलेलं: पेरिस्कोपची नळी (३ मिमी पितळ, आता वाकडी आहे), हवेच्या नळीचा बिजागर, आणि डाव्या चार्जच्या पितळी खिळ्याला हिरवा गंज चढलाय तो स्टेनलेसचा घालणे. ओढणीच्या कडीसाठी आतून सोडता येणारा हूक करायचा आहे. सर्व्हो जुनाच चालेल, पण त्याची तार झाकणातून नेण्यासाठी सातवं भोक पाडावं लागेल, आणि झाकणावर जागा सहाचीच आहे.